मुकी पाचर

शनिवार, ३० एप्रिल १९६०. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. फणसवाडीतील आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, सज्जात सतरंजी टाकून आम्ही सातआठ जण बारा वाजण्याची वाट पाहत बसलो होतो. मध्यरात्री नवे राज्य येणार होते. कठड्यावर पणत्या मांडून ठेवल्या होत्या. त्या बाराच्या ठोक्याला पेटवायच्या, तोपर्यंत सज्जात अंधारच ठेवायचा, असे सर्वांनी ठरवले होते.

"येणार म्हणजे नेमके कुठून येणार, काका? ट्रामने की चर्नी रोडला उतरून चालत?" गुरुदत्ताने विचारले. तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्या वर्षी त्याला प्रत्येक गोष्टीची थट्टा सुचत असे.

"बेळगाव बरोबर नाही, कारवार नाही. वाट चुकत येईल बिचारे," कमलाकांतकाका म्हणाले.

काका तिसऱ्या बिऱ्हाडात एकटे राहत. पन्नाशी उलटलेली, बोलणे मोजके, आणि अंगात बारा महिने काळा कोट. त्या एप्रिलच्या उकाड्यातही तो होताच. चाळीतली मुले त्यांना पाठीमागे 'कोटकाका' म्हणत. काकांना ते ठाऊक होते.

"काका, भुताची गोष्ट सांगा ना," सुनंदा म्हणाली. "अंधार आहे तोवर."

"खोटी नको हं," तिची थोरली बहीण पद्मजा म्हणाली.

काका भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "खोटी मला येत नाही. माझ्या माहितीतल्या एका मुलाला आलेला अनुभव सांगतो. त्याला भूत म्हणायचे की आणखी काही, ते तुम्ही ठरवा."

आणि ते सांगू लागले.

*

लालबागला, एका चाळीच्या मागील अंगणात, सुतारकामाचा रात्रवर्ग भरत असे. एका लहानशा मंडळाने चालवलेला. तेथे गुणाजी मास्तर शिकवीत. मालवणकडचे, उंच, वाकलेले, नाकात तपकीर आणि उजव्या कानावर तांबडी पेन्सिल. चौदा वर्षे त्यांनी गिरणगावातल्या मुलांच्या हाती रंधा दिला.

शिकवण्याची त्यांची रीत निराळी होती. कोणाचे चुकले तरी ते रागावत नसत. तोंडाने चूक दाखवीतच नसत. पाठीमागे येऊन उभे राहायचे आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बाकावर दोनदा ठोकायचे. टक... टक. दोन ठोके म्हणजे, हात थांबव. चूक तुझी आहे, तूच शोध. कोणी विचारलेच, "मास्तर, काय चुकलं?", तर ते म्हणायचे, "माका कित्याक इचारतंस? लाकडाक इचार." काम बरोबर असले, तर ठोके पडत नसत. शांतता हीच त्यांची शाबासकी. वाया गेलेल्या तुकड्यावर मात्र ते तांबड्या पेन्सिलीने फुली मारीत. ती पेन्सिल वर्गात दुसरा कोणीही वापरायची नाही, असा दंडक होता.

राजाराम हा त्यांचा करी रोडचा विद्यार्थी. तो प्रथम वर्गात आला, तेव्हा दोघातिघा पालकांनी येऊन सांगितले, की या मुलाची हत्यारे वेगळी ठेवा. मास्तरांनी ऐकून घेतले. त्या संध्याकाळी त्यांनी वर्गातली सारी हत्यारे, स्वतःचीसुद्धा, जमिनीवर एका ढिगात ओतली, आणि मुलांना म्हणाले, "हाताक लागात ता उचला." त्या दिवसापासून त्या वर्गात कोणता रंधा कोणाचा, हे कोणालाच सांगता येईना. पालकांनाही नाही.

छप्पन साली मास्तर संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात गेले. तीन आठवडे तुरुंगात होते. सुटून आले तेव्हा मुलांनी विचारले, "मास्तर, आत काय केलंत?" म्हणाले, "कोठडीचा दार वाकडा होता. माका बघवना. सारखा करून इलंय." पोरे पोट धरून हसली. पण मास्तर आतून खोकला घेऊन आले होते. तो गेला नाही. डिसेंबरच्या तीस तारखेला मास्तरच गेले.

मुलांनी त्यांना भोईवाड्याच्या स्मशानात नेले. कोणीतरी कानावरची पेन्सिल काढू लागला, तेव्हा राजारामने त्याचा हात धरला. "राहू दे. तिच्याशिवाय त्यांना चुकल्यासारखं होईल." ती तांबडी पेन्सिल मास्तरांबरोबर जळाली. हे नीट लक्षात ठेवा.

आता महिन्याची शोकसभा ठरली : बुधवार, तीस जानेवारी, सन सत्तावन्न. मुलांची मागणी एवढीच, की वर्गाला मास्तरांचे नाव द्या. मंडळाने ठराव केला, की तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाचे नाव आमच्या दारावर लागणार नाही. शिवाय एका देणगीदाराच्या नावाची पाटी रंगवून तयारही होती. ठराव वाचून दाखवण्याचे काम वर्गाच्या व्यवस्थापकाने केले. त्याचे नाव मी सांगत नाही. कागद नीट ठेवणारा, नियमाने चालणारा माणूस होता, एवढे पुरे.

मास्तरांच्या बाकाखाली सागवानाची एक फळी वर्षानुवर्षे वाळत पडली होती. 'चांगल्या कामासाठी' म्हणून त्यांनी ती राखून ठेवली होती. नऊ मुलांनी ती घरी नेली आणि पाळीपाळीने, प्रत्येकाने एकेक अक्षर कोरले : 'गुणाजी मास्तरांचा वर्ग'. पाटी झाली. पण खिळ्यांनी ठोकलेली पाटी खिळे उपटून काढता येते. सभा संपताच मंडळ ती काढणार, हे उघड होते. तेव्हा राजाराम म्हणाला, "मुकी पाचर मारतो."

मुकी पाचर म्हणजे काय, गुरुदत्ता? सांगतो. पाटीच्या पाठीला त्याच लाकडाच्या दोन खुंट्या ठेवायच्या. दाराच्या वरच्या आडव्या लाकडात दोन भोके घ्यायची. आरपार नव्हे, आत गेल्यावर रुंद होणारी. खुंटीच्या टोकाला करवतीने चीर पाडायची, त्या चिरेत लहानशी पाचर नुसती टेकवायची, आणि पाटी आत ठोकायची. पाचर भोकाच्या तळाला टेकते, चिरेत शिरते, आणि खुंटीचे टोक आतल्या आत फुलते. मग ती पाटी जन्मात निघत नाही. काढायची तर चौकटच फोडावी लागते.

पण चुकायलाही एकदाच मिळते. पाचर जाड झाली, तर खुंटी अर्ध्यावर अडकते. पुढे जात नाही, मागे येत नाही. किंवा फाटते. आणि हे सारे आत, अंधारात घडते; डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून मास्तर सगळे मुलांकडून करून घेत, पाचर मात्र स्वतः तासून देत. राजारामने मुकी पाचर कधी स्वतःच्या अंदाजाने तासलेली नव्हती. फळी एकच होती. रात्र एकच होती.

मंगळवार, एकोणतीस जानेवारी. रात्री सव्वादहाला राजाराम करी रोडच्या खोलीतून निघाला. पाटी गोधडीत गुंडाळून खांद्यावर घेतली होती. आई म्हणाली, "उद्या अवस आहे रे. रातचं जाऊ नको." त्या घराने महिन्यापूर्वीच दीक्षा घेतली होती; भिंतीवरचे देव उतरले होते आणि त्यांच्याबरोबर भुतेही उतरली, असे राजारामचे मत होते. तो म्हणाला, "आये, आता आपल्याला अवस नाय नि पुनव नाय." आणि तो निघाला.

वर्गाची किल्ली मोठ्या विद्यार्थ्याकडे असे, म्हणजे त्याच्याकडे. विजेचा दिवा लावला असता तर चाळीतून दिसला असता. म्हणून कंदील लावला, वातही बारीक ठेवली. दार आतून ओढून घेतले. दाराच्या वरच्या लाकडात भोके त्याने दोन दिवस आधीच, वर्गाचे काम म्हणून, घेऊन ठेवली होती. आता उरल्या त्या पाचरी.

बाभळीचा तुकडा घेऊन तो आपल्या बाकाशी बसला. समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मास्तरांचा बाक. कंदिलाचा उजेड तिथवर पोहोचत नव्हता.

राजाराम रागात होता. ठराव त्याच्या कानांत घुमत होता. त्याने मनाशी म्हटले, अशी जाड पाचर मारतो, की ह्यांच्या सात पिढ्यांना पाटी हलायची नाही. पटाशीने त्याने पहिली पाचर तासली. चांगली जाड. चिरेवर टेकवून पाहिली.

टक... टक.

त्याने मान वर केली.

काही नाही. लाकूड रात्री निवते, करकरते. सुताराला ते ठाऊक असते. पाल असेल म्हणतेस, सुनंदा? त्यालाही तसेच वाटले. त्याने पाचर पुन्हा चिरेवर ठेवली.

टक... टक.

दोनदाच. मध्ये तेवढाच अवकाश. आवाज समोरून आला होता. मास्तरांच्या बाकावरून.

राजारामच्या हातातली पटाशी थांबली. तपकिरीचा वास आला. बंद खोलीत. महिनाभर तेथे कोणी तपकीर ओढलेली नव्हती.

"कोण आहे?"

...

"कोण आहे तिकडं? मी कुणाला भीत नाय!"

अंधारात कोणीतरी खोकले. हळूच. कोरडे. तो खोकला त्याने डिसेंबरभर उशाशी बसून ऐकला होता.

त्याने ती जाड पाचर भिरकावून दिली. ती समोरच्या बाकाखाली कुठेतरी खटकन पडली. पळावे, असे त्याला वाटले. दार चार हातांवर होते. त्याने मला स्वतः सांगितले आहे, की पाय उचललाही होता. मग त्याची दृष्टी पाटीवर गेली. नऊ अक्षरे. तो परत बसला.

"बरं," तो अंधाराला म्हणाला. "चुकलं. काय चुकलं ते सांगू नका. मीच बघतो."

त्याने खुंटी हातात घेतली. चिरेवरून अंगठा फिरवला. लाकडाला विचारले. रेषा सरळ, पण सागवान वर्षानुवर्षे वाळलेले. ओल नाही, लवचीकपणा नाही. जाड पाचरीने ते फुलले नसते. उभे चिरले असते. राग पाचरीत उतरला होता. त्याने नवा तुकडा घेतला. बारीक तासला. पुन्हा बारीक. चिरेवर टेकवला.

थांबला.

ऐकत राहिला.

...

काही नाही. नुसती शांतता. राजारामच्या डोळ्यांना पाणी आले, ते तेव्हा.

दुसरी पाचर तशीच झाली. त्याने स्टूल बाहेर आणले, कंदील पायरीवर ठेवला, पाटी वर नेली, खुंट्या भोकांत बसवल्या आणि लाकडी मोगरीने ठोकू लागला. एक. दोन. तीन. पाटी इंच इंच आत जात होती. बोटभर अंतर उरले, तेव्हा अंगणात पावले वाजली.

व्यवस्थापक. दुपारी कोणीतरी त्याच्या कानावर घातले होते, म्हणून शेवटच्या ट्रामने तो नवे कुलूप घेऊन आला होता. वर्गाला रातोरात कुलूप घालायचे, म्हणजे उद्या पाटी नाही आणि सभाही नाही.

"कोण आहे तिथे?"

"मी राजाराम, साहेब."

"काय चालवले आहेस?"

"पाटी लावतोय."

"कोणाच्या परवानगीने?"

"ज्यांची पाटी, त्यांच्या."

"शहाणपणा नको. खाली उतर. मास्तरांविषयी मला आदर नव्हता, असे समजू नकोस. पण मंडळाचा ठराव आहे. नियम आहे."

"साहेब, मास्तर तुरुंगात होते तेव्हा तुम्ही हजेरीपटावर रोज 'विनापरवाना गैरहजर' लिहिलंत."

"नियम होता."

"आणि सुटून आल्यावर त्यांनी तुमच्या टेबलाचा अडकणारा खण नीट करून दिला. न सांगता. तो कुठला नियम होता?"

व्यवस्थापक एक पाऊल मागे सरला. मग आवाज चढवून म्हणाला, "उद्या सकाळी सुतार आणून काढून टाकीन!"

"आणा ना! लालबाग-परळातला कुठला सुतार हिला हात लावतो, ते बघू. तो पण ह्याच वर्गात शिकलेला निघेल."

"राजाराम, शेवटचे सांगतो. उतर."

"उतरतो. एक घाव राहिलाय."

व्यवस्थापक पुढे झाला. त्याने स्टुलाला हात घातला. कुलूप दुसऱ्या हातात होते. स्टूल ओढले असते, तर पाटी तशीच अर्धवट अडकून राहिली असती, कायमची.

टक... टक.

आतून. अंधारातून. रिकाम्या वर्गातून.

राजारामचे दोन्ही हात वर मोगरीवर होते. व्यवस्थापकाने ते पाहिले. त्याने आत पाहिले. दार सताड उघडे होते. आत काळोख.

"आत... कोण आहे?"

"कुणी नाय, साहेब."

टक... टक.

व्यवस्थापकाला तो आवाज ठाऊक होता. एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, त्याने हौसेने वर्गात रंधा धरून पाहिला होता. तेव्हा त्याच्या पाठीमागेही ते दोन ठोके पडले होते. त्या दिवशी त्याने हसून रंधा ठेवून दिला होता. चूक शोधली नव्हती.

या वेळी ठोके राजारामसाठी नव्हते. राजाराम बरोबर होता.

अंगणात कोणी हलले नाही. किती वेळ गेला, दोघांनाही सांगता येत नाही. स्टुलावरचा हात निघाला. कुलूप पायरीवर ठेवले गेले. मग व्यवस्थापकाने कंदील उचलला... वात मोठी केली... आणि हात उंच करून तो पाटीजवळ धरला.

राजारामने घाव घातला. एकच.

पाटी चौकटीला भिडली.

दोघेही ऐकत राहिले.

...

आतून काही आले नाही.

*

काका थांबले. खाली गल्लीत कोणीतरी फटाक्यांची माळ पसरत होते. तिचा सळसळ आवाज वर येत होता. गुरुदत्ताने थट्टा केली नाही.

"मग?" सुनंदाने विचारले.

"मग सभा झाली. त्या पाटीखाली झाली. मंडळाने व्यवस्थापकाला पाटी काढण्याचा लेखी हुकूम दिला. त्याने लेखीच उत्तर दिले, की पाटी निघत नाही आणि मी ती काढणारही नाही. फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली. देणगीदाराची पाटी कोठे गेली, देव जाणे. मंडळाने दोनदा सुतार बोलावले. पहिला पाटी पाहून पाया पडला आणि निघून गेला. दुसरा आलाच नाही. आज त्या वर्गात राजाराम शिकवतो."

"आणि भूत? पुन्हा आले?"

"मी राजारामला तेच विचारले होते. तो माझ्यावर रागावला. म्हणाला, 'ते भूत नव्हतं, साहेब. भूत मी मानत नाय. ते मास्तर होते.'"

मग पद्मजा सावकाश म्हणाली, "काका, राजाराम तुम्हाला साहेब का म्हणतो?"

काकांचा हात कोटाच्या खिशात गेला.

"त्या रात्री मी लालबागहून फणसवाडीपर्यंत चालत आलो," ते म्हणाले. "वर्गाच्या आत मी पाऊल टाकले नव्हते. उंबऱ्याबाहेरच उभा होतो. राजाराम साक्षीला आहे. घरी येऊन कोट खुंटीला लावला. सकाळी खिशात हात घातला, तर हे."

तळहातावर बोटाच्या पेराएवढी बाभळीची पाचर होती. जाड.

"सकाळी राजारामने बाकाखाली सगळीकडे शोधली होती. त्याला मिळाली नाही. मी नेऊन दाखवली. त्याने ओळखली, पटाशीचे घाव त्याचेच होते. पण हे त्याचे नव्हे."

पद्मजाने कठड्यावरची एक पणती पेटवली आणि जवळ आणली. पाचरीच्या सपाट बाजूवर एक लहानशी फुली होती. तांबडी.

"तीन वर्षे तीन महिने," काका म्हणाले. "रोज खिशात आहे. घासून घासूनही फुली पुसली जात नाही. मी पुसण्याचा प्रयत्नही करीत नाही. माझी आहे ती."

लांबून कुठेतरी पहिला भोंगा वाजला. मग दुसरा. मग साऱ्या गिरगावातून एकदम आवाज उठला, शंख, घंटा, माणसांचे ओरडणे. बारा वाजले होते. खालची माळ तडतडू लागली. सज्जात मात्र कोणी उठले नाही. सर्वांची दृष्टी त्या तळहातावर होती. सुनंदाने हात पुढे केला आणि फुलीवरून हळूच एक बोट फिरवले.

मग तिने ते पणतीजवळ नेले.

बोटाला ताजे तांबडे लागले होते.